स्कॅनच्या खोलीतली बाई

निपाणीकडनं बेळगावला गाडीत येताना माझा उजवा हात दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा मांडीवर पडला होता आणि तोंड वाकडं झालं होतं. तरी मला काही झालेलं न्हाय, असंच मी पोराला सांगत होतो. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, आधी मेंदूचा स्कॅन, मगच इंजेक्शन, आणि उशीर झाला तर इंजेक्शनचा उपयोग न्हाय.

स्कॅनच्या खोलीत एक बाई होती. चाळिशीची, पायात रबरी चप्पल, बोलणं हळू. माझ्या आधीचा माणूस उठला तसं तिनं टेबल पुसलं, नवी चादर घातली.

"अज्जा, पटका काढा," ती म्हणाली.

"परक्या बाईसमोर मी पटका काढत न्हाय. त्यात काय लोखंड हाय व्हय?"

"लोखंड न्हाय, पण डोकं चौकटीत बसत न्हाय." तिनं दोन्ही हात पुढं धरले. "आत रक्त सांडलंय का अडकलंय, एवढंच बघायचंय. सांडलं असंल तर ते इंजेक्शन जीव घेतंय, अडकलं असंल तर वाचवतंय. तुमची अब्रू फोटोत दिसत न्हाय."

मी पटका दिला. तिनं तो न उलगडता आपल्या खुर्चीवर ठेवला. तिच्याकडं खुर्ची तेवढीच होती. काचेपलीकडं ती उभ्यानंच काम करायला लागली. डोकं हलवू नका म्हणाली, मी हलवलं न्हाय.

रक्त अडकलेलं निघालं. लगेच इंजेक्शन दिलं. दुसऱ्या दिवशी बोटं हलली, तवा पोरगा म्हणाला, "आप्पा, आमचं कधी ऐकला न्हाईसा. त्या बाईचं बरं ऐकलासा?"

"ती उभी हुती रं," मी म्हटलं.