तीन नंबरची बाटली

तीन नंबरची बाटली खराब नव्हती. हे आधीच लिहून टाकते, कारण ती खराब आहे असं मीच एकदा लिहिलं होतं आणि ते बऱ्याच जणींनी वाचलं होतं.

बाटली नेलपेंटची. इंदापूरच्या एक मॅडम घराच्या मागच्या खोलीत हे नेलपेंट बनवायच्या. गार असताना एक रंग, ऊब लागली की दुसरा. पाण्यात हात घातला की पिकलेल्या जांभळासारखं गडद, चहाचा ग्लास धरला की गुलाबी. रंग मिसळणं, बाटल्या भरणं, चिठ्ठ्या चिकटवणं, सगळं त्या एकट्याच करायच्या. इंदापूर-बारामतीच्या पार्लरवाल्यांचा त्यांनी मोबाइलवर एक ग्रुप केला होता. नवीन रंग झाला की नमुने पाठवायच्या, आणि कुणीतरी ते वापरून खरं काय ते ग्रुपवर लिहायचं. त्या थंडीत हे काम आमच्या पार्लरकडं आलं.

आमचं म्हणजे ताईंचं. मी यवतमाळकडची. नववीत शाळा सुटली. मेव्हण्याला इथल्या एमआयडीसीत काम लागलं तेव्हा बहिणीचं बाळ सांभाळायला बारामतीला आले. वर्षभरात त्याचं काम गेलं आणि ती दोघं परत गेली. मी गेले नाही. गावी माझ्यासाठी कुठलं स्थळ बघून ठेवलंय ते मला माहीत होतं. तोवर मी ताईंकडं नुसती झाडलोट करत होते. त्या म्हणाल्या, "मागची खोली मोकळीच हाय. ऱ्हा की." एवढंच. माझ्या घरचं कोण, जातीचं कोण, काही विचारलं नाही. त्या नको म्हणाल्या असत्या तर, हा विचार आजही मनात आला की छातीत धडधडतं. तशी मला धडधड लवकरच होते. दारावर नुसती टकटक झाली तरी होते.

ताई एकट्या होत्या. नवरा गेलेला, मूलबाळ नाही, माहेर सणसरचं. तिथं त्यांचा थोरला भाऊ असतो. ताईंच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या आणि आठवड्यातून दोनदा त्या डायलिसिसला जायच्या. आधी काही महिने मानेत नळी बसवलेली होती. पार्लरमध्ये आलेल्या बायका आरशात स्वतःच्या भुवया सोडून ताईंच्या मानेकडं बघायच्या. मग डाव्या हाताच्या कोपरापाशी ऑपरेशन करून दोन रक्तवाहिन्या जोडल्या, म्हणजे सुया तिथंच टोचता येतील. त्याला फिस्टुला म्हणतात. नळी निघाली त्या दिवशी ताईंनी मानेवरची ओढणी काढून खुंटीला लावली ती कितीतरी दिवस घेतली नाही.

फिस्टुल्यावर बोटं ठेवली की आत मांजर घुरघुरल्यासारखी थरथर लागते. ती थांबली तर लगेच या, असं सांगितलेलं होतं. रोज सकाळी ती बघायचं काम ताईंनी मला दिलं होतं. मी डोळे मिटून बघायचे. थरथर जोरात असली की माझा दिवस बरा जायचा. दवाखान्यात आणखीही एक गोष्ट सांगितली होती. ती ताईंनी मला सांगितली नव्हती.

नमुने आले तेव्हा ताईंनी वहीच माझ्यापुढं टाकली.

"तूच लिही. डोळं चांगलं हाईत तुझं."

"मला कुठं येतंय लिहायला, ताई. नववी नापास."

"मी सातवी पास हाय, पार्लर चालवती. लिही. फकस्त तुझ्या मले-तुलेत लिहू नको म्हंजे झालं."

शाळा सुटल्यापासून पहिल्यांदा कुणी माझं मत लिहून मागत होतं. मी वहीला समास आखला.

चार बाटल्या होत्या. दोन आणि तीन नंबरमध्ये रंग एकच, पण वेगवेगळ्या दिवशी केलेला. दोन्ही सारखेच वागतात का ते बघा, असं मॅडमनी कळवलं होतं. माझी नखं वॅक्स आणि ब्लीचनं खराब झालेली, म्हणून ताईंची घेतली. त्यांची नखं लांब आणि बदामी आकाराची होती, त्यांचा त्यांना अभिमान होता. उजव्या हाताला दोन नंबर लावला, डाव्या हाताला तीन नंबर. ती वही अजून माझ्याकडं आहे. तिच्यात असं आहे:

"दोन नंबर. दहा मिनिटांत सुकला. ग्लास धरल्यावर गुलाबी. चांगला. तीन नंबर. ग्लास धरूनसुद्धा गडदच. उन्हात पण गडद. गरम पाण्यात बदलतो पण टिकत नाही, लगेच परत गडद. हात गार असल्यामुळे आधी चोळून घ्यावा."

हात गार असल्यामुळे. माझ्याच अक्षरात आहे. थंडीचे दिवस होते, सकाळी सगळ्यांचेच हात गार असतात. मी तसं म्हटलंही होतं. ताई म्हणाल्या, "माझं हात पैल्यापासूनच गार."

दुसऱ्या दिवशी पुन्हा करून बघितलं. नुकता उकळलेला चहा ग्लासात ओतला. "ताई, डावा हात जरा घट्ट धरा. अजून." त्यांनी धरला. मधलं बोट काचेला पूर्ण टेकलं होतं.

"भाजतंय का?"

"न्हाय गं. कोमट तर हाय."

रंग हलला नाही. मग तोच ग्लास उजव्या हातात दिला, तर त्यांनी झटक्यात हात मागं घेतला आणि चहा हिंदकळला. "आगं, जाळतीस काय मला," म्हणून हसल्या. हे सगळं मी पाहिलं. पाहिलं आणि लिहिलं नाही, कारण वहीत फक्त रंगाचं लिहायचं होतं.

त्यानंतर मी ग्रुपवर लिहिलं की तीन नंबर खराब आहे, कुणी घेऊ नये. शब्द नीट निवडून लिहिलं. दोघीतिघींनी अंगठ्याचं चित्र टाकलं. एकीनं लिहिलं, आमची ऑर्डर तूर्त राहू द्या. मग आणखी दोघींनी. मॅडमचा मला वेगळा मेसेज आला: "हात बदलून बघितला का? दोन नंबर डाव्याला, तीन उजव्याला?"

मला राग आला. नववी नापास मुलीवर विश्वास नाही, असं वाटलं. मी उत्तर दिलं, "दोनदा बघितलं." दोनदा बघितलं होतं, हे खरं. हात बदलला नव्हता.

मधल्या बोटाच्या टोकाला दुसऱ्या दिवशी फोड दिसला. ताई म्हणाल्या, तव्याला लागलं असंल. फोड फुटला. खाली पांढरट दिसायचं, पण दुखत नाही म्हणायच्या. भुवया कोरताना दोरा त्या बोटातून निसटायला लागला. "मुंग्या येत्यात जरा," म्हणाल्या. मी रोज सकाळी फिस्टुल्यावर बोटं ठेवत होते. थरथर नेहमीपेक्षा जास्तच जोरात लागायची. मला आनंद व्हायचा.

आठ दिवसांनी मॅडम स्वतःच आल्या. इंदापूरहून एसटीनं निघाल्या होत्या. उसाच्या ट्रॉल्यांच्या मागं गाडी अडकली आणि पोचायला दुपार झाली. मला वाटलं भांडायला आल्यात. मी आत पाणी आणायला गेले ते तिथंच उभी राहिले.

"भांडायला न्हाय आले," त्या ताईंना सांगत होत्या. "पण माझा माल खराब असंल तर मला कळाय नको का? हातानं करती मी. माझ्यासमोर लावून बघू."

त्यांनी रिमूव्हरनं ताईंची दहाही नखं स्वच्छ पुसली. फोड फुटलेल्या बोटापाशी जरा थांबल्या. मग तीन नंबर उजव्या हाताला लावला, दोन नंबर डाव्याला.  सुकल्यावर मॅडमनी ग्लास वगैरे न देता नुसती दाराशी खुर्ची ओढली आणि ताईंना उन्हात बसवलं.

तीन नंबर गुलाबी झाला. पाचही नखं, एकामागून एक.

डाव्या हाताचा दोन नंबर गडद राहिला.

मॅडम जिंकल्या होत्या. त्यांनी हसायला हवं होतं. त्यांनी ताईंचा डावा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, मग उजवा, मग पुन्हा डावा.

"ताई, ह्यो हात मेल्यावाणी गार लागतोय. कवापासनं?"

ताईंनी माझ्याकडं बघितलं नाही. "हाय महिना झाला."

"दवाखान्यात सांगितलं?"

"सांगितलं तर पुन्हा मानंत नळी घालत्याल. त्यांनी आधीच सांगितलंय, बोटं गार पडली, बधिर झाली तर सांगा म्हणून. न्हाय सांगितलं मी."

दवाखान्यात जाताना रिक्षात मी दोघींच्या मधे बसले होते. मी ग्लासाचं सांगायला तोंड उघडलं. ताईंनी उजव्या हातानं माझा गुडघा दाबला. "तू गप ऱ्हायचं. मी बोलती."

डॉक्टरांनी बोट बघून विचारलं, हे भाजलंय कशानं? ताई म्हणाल्या, "चहा करताना पातेलं लागलं, साहेब. कळलंच न्हाय." डॉक्टरांनी मान हलवली. कळणारच नाही, म्हणाले. जोडलेल्या वाहिनीतून रक्त इतक्या जोरात परत फिरतंय की पुढं बोटांपर्यंत पोचतच नाही. थरथर जास्त लागत होती ती त्यामुळंच. असली जखम भरून येणं अवघड असतं, लवकर आला असता तर फिस्टुला वाचवायला बघता आलं असतं.

संध्याकाळपर्यंत सणसरहून ताईंचे भाऊ, दादा आले. पायाला अजून चिखल होता. त्यांना मी डॉक्टरांचं जमेल तसं सांगितलं. त्यांना ते माझ्यापेक्षा लवकर समजलं. "म्हंजे वरच्यांनीच पाणी उचललं," म्हणाले. "टेलला काय पोचणार?"  त्यांचं रान कालव्याच्या टेलला, म्हणजे अगदी शेवटाला आहे.

ऑपरेशन करून फिस्टुला बांधून बंद केला. मानेत पुन्हा नळी आली. बाकीची बोटं हळूहळू उबदार झाली, मधलं झालं नाही. आधी टोक काळं पडलं, मग पेर. पेर काढावं लागलं.

ग्लासाचं मी कुणालाच सांगितलं नव्हतं. दादांनाही नाही. ताई घरी आल्यावर एकदा धीर करून म्हटलं, "ताई, ग्लास मीच दिला होता."

"मग? धरला कुणी?" त्या म्हणाल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "महिनाभर लपवलं कुणी? तुझ्या बोटाएवढं पाप हाय, तेवढंच घे. जास्त घिऊ नको."

ते तेवढं किती, हे मला अजून मापता येत नाही.

मॅडमचं मात्र नुकसान झालंच. मी ग्रुपवर लिहिणार होते की बाटली चांगली होती, ताईंचा हात आजारी होता. ताई म्हणाल्या, "माझ्या हाताचं लिहू नको. रोगट बाईकडं भुवया करून घ्याय कोण येणार न्हाय." मग मी एवढंच लिहिलं: "तीन नंबर चांगला आहे. चूक माझी होती." कारण लिहिता आलं नाही. एकीनं लगेच विचारलं, मॅडमनी किती बाटल्या फुकट दिल्या? बाकीच्यांनी हसण्याची चित्रं टाकली. मॅडमना कारण माहीत होतं. एका ओळीत सांगून मोकळं होता आलं असतं त्यांना. त्या काही बोलल्या नाहीत. तुटलेल्या ऑर्डरींतल्या दोन परत आल्या, एक नाही आली. त्यांच्या घरी जाऊन पाया पडावं असं खूप वाटतं. इंदापूरच्या गाडीपाशी दोनदा जाऊन मी परत आले आहे.

भुवयांचा दोरा डाव्या हाताच्या बोटांवर ताणावा लागतो. ताईंना आता तो ताणता येत नाही. पार्लर माझ्या हातांवर चालतं. ताई ओढणी मानेभोवती घेऊन खुर्चीत बसतात, डावा हात तिच्याच टोकाखाली, आणि मला सांगतात: डावी भुवई जाड ऱ्हायली, जरा वर घे. गिऱ्हाईक गेलं की म्हणतात, बरी झाली. कधी म्हणतात, माझ्यापेक्षा बरी. मी रडायला लागेन म्हणून लगेच केर काढायला घेते.

रंग बदलणारं नेलपेंट मुली अजून मागतात. तीन नंबरच जास्त जातो. लावण्याआधी मी प्रत्येकीचे दोन्ही हात एकदम माझ्या हातांत घेते आणि जरा थांबते. त्यांना वाटतं मालिश आहे.

परवा भिगवणची एक मुलगी आली होती. दोन्ही हात बर्फासारखे. मी सोडेनाच.

"आवो ताई, मच्छीच्या गाड्यावर असती मी, बर्फात हात असत्यात दिवसभर," ती म्हणाली. "धरून काय बसलाय? लावा की."

"दोन्ही सारखेच गार आहेत का, तेवढं बघते," मी म्हटलं.

खुर्चीतून ताई म्हणाल्या, "बघू दे गं तिला. तिचं झाल्याबिगर बाटली उघडत न्हाय ती."