तिजोरीतली पदवी

रेतनो आमच्या दुकानात मुलाखतीला आली तेव्हा तिच्या पायात नवे काळे बूट होते आणि टाचेला पट्टी. मुलाखत आटोपल्यावर लंगडत माझ्या टेबलापाशी आली आणि हळूच म्हणाली, "बू, इथे कामावर चप्पल चालते का?"

मी टेबलाखालून माझे पाय बाहेर काढून दाखवले. रबरी सपाता. तेव्हा कुठे ती हसली.

आमचं दुकान सुराबाया शहराच्या पूर्व भागात, रुंगकुटच्या हमरस्त्यावर. फरश्या, बेसिन, कमोड, नळ. खाली दुकान, मागे गोदाम, वर ऑफिस. मी सुमार्नी, इथल्या पोरांची 'बू', म्हणजे बाई; वरच्या ऑफिसात अकरा वर्षं काढली आहेत. पगार, रजा, करारनामे, सगळे कागद माझ्याकडे. दुकान पाक हांदोयोंचं; पाक म्हणजे साहेब. माणूस ओरडणारा नाही. ईदला सगळ्यांना नवं कापड देतो, आजारी पडलं तर स्वतः फळं घेऊन येतो. पण एकदा 'नाही' म्हटलं की भिंतीशी बोलावं.

त्या वेळी जाहिरात मीच लिहिली होती. पाकना खरं तर ऑनलाइन दुकान सांभाळायला माणूस हवं होतं: फोटो टाकायचे, गिऱ्हाइकांना उत्तरं द्यायची, प्रिंटर अडला तर मोकळा करायचा. मी तसंच लिहीत होते, तर ते म्हणाले, "प्रोग्रॅमर हवा असं लिही. म्हणजे शिकलेली पोरं येतील."

मी लिहिलं. चार दिवसांत तीनशे दहा अर्ज आले.

रेतनो त्यातली एक. पूर्ण नाव रेतनो पामुंगकास. पामुंगकास म्हणजे शेवटचं, आईबापाचं शेंडेफळ. ब्लितारजवळच्या एका खेड्यात तिचे वडील केरुपुक करतात, आपले तळायचे पापड. थोरली तिघं शाळेनंतर कामाला लागली आणि त्या तिघांनी मिळून धाकटीला कॉम्प्युटर सायन्स शिकवलं. तिनंही नाव काढलं, चारपैकी तीन पूर्णांक एकाहत्तर गुण. ती पहिल्या वर्षाला होती तेव्हा कंपन्या कॉलेजात येऊन शेवटच्या वर्षाची पोरं उचलून न्यायच्या. ती शेवटच्या वर्षाला पोचली तोवर तीच उचललेली पोरं घरी परत येत होती.

"जाहिरातीत वर लिहिलेलं असतं, 'नवखे चालतील'," ती मला पुढे एकदा सांगत होती. "खाली बघावं तर तीन वर्षांचा अनुभव पाहिजे. अनुभव कुठून आणू, बू? आईच्या पोटातून?"

एकशे शहाऐंशी अर्ज केले होते तिनं. मुलाखती चार. एका ठिकाणी मुलाखत घेणारा भला माणूस होता. तो म्हणाला, "खोटं कशाला बोलू? पूर्वी हे बारीकसारीक काम करायला आम्ही पाच नवखे घ्यायचो, त्यातून ते शिकायचे. आता ते काम यंत्र लिहितं आणि आमचा एक जुना माणूस तपासतो. तू हुशार आहेस, पण तुला बसवू कुठे?"

तेरा महिने ती घरी होती. भावाच्या दुचाकीवरून केरुपुकच्या पिशव्या दुकानादुकानांत पोचवायची. शेजारच्या बायका मोबाईल घेऊन यायच्या: कॉम्प्युटरचं शिकलीस ना, मग ह्याचा आवाज का येत नाही ते बघ. ती बघायची. आवाज बारीक केलेला असायचा.

आमच्याकडचा करार दोन वर्षांचा. आणि करार संपेपर्यंत पदवीचा अस्सल कागद दुकानाच्या तिजोरीत. मधेच सोडून गेलं तर पाच पगार भरायचे आणि मग कागद न्यायचा. आमच्या भागात असं बरेच जण करतात. कायद्यात बसत नाही म्हणतात; पण तक्रार करणाऱ्याला पुढे दारात कोण उभं करतं?

"अस्सलच पाहिजे? झेरॉक्स नाही चालणार?" रेतनोनं विचारलं.

"अस्सलच, बाळा."

तिनं प्लास्टिकच्या फाइलमधून कागद काढला, एकदा दोन्ही बाजूंनी पाहिला आणि माझ्या हातात दिला. मी पावती लिहिली. तिजोरीत तिचा अठ्ठाविसावा. पाठमोरी होऊन दार लावताना मी रोजच्यासारखीच गुणगुणत असेन. मला त्यात काही वाटत नव्हतं, हे सांगितलंच पाहिजे.

काम कसलं, तर दिवसभर उत्तरं. ऑनलाइन गिऱ्हाईक ऐंशी वर्षांचं असो की अठरा, त्याला 'काक' म्हणायचं, म्हणजे थोरलं भावंड. ती मोठ्यानं वाचून दाखवायची आणि आम्ही पोट धरून हसायचो.

"काक, हा कमोड निळ्यात आहे का? आहे, काक. हिरव्यात आहे का? आहे, काक. गुलाबीत? तोही आहे, काक. बरं, मग पांढरा द्या."

पहिल्या तीन महिन्यांत तिनं स्वतःहून गोदामाच्या मालाचा एक प्रोग्रॅम लिहिला. फरश्या मोजायला आम्हाला महिन्याकाठी तीन दिवस लागायचे, ते काम दुपारच्या जेवणापर्यंत होऊ लागलं. पाक हांदोयो तिच्या मागे उभे राहून बघत राहिले. "छान," ते म्हणाले. "फारच छान. आता जरा खालचा प्रिंटर बघतेस?"

ती उठून खाली गेली. त्यानंतर तिनं स्वतःहून काही लिहिलं नाही.

आठव्या महिन्यात तिला एक पत्र आलं. रुग्णालयांसाठी प्रोग्रॅम बनवणारी एक कंपनी, शहराच्या पश्चिमेला. तिनं कधीकाळी अर्ज केला होता. मंगळवारी शेवटची मुलाखत, येताना पदवी अस्सल घेऊन या, पडताळणी करायची आहे.

ती सरळ पाकांकडे गेली. दार उघडंच होतं, मला सगळं ऐकू येत होतं.

"एका दिवसापुरता कागद द्या, पाक. दाखवून परत आणते."

"कशासाठी?"

ती खोटं बोलली नाही. ते ऐकून पाक म्हणाले, "तुझं भलं व्हावं असं मलाही वाटतं. पण आज तुला दिलं तर उद्या सत्तावीस जण रांगेत उभे राहतील. पाच पगार भर आणि खुशाल जा. नाहीतर सोळा महिने काढ. सोळा महिने काय, असे जातात."

तिच्याकडे पाच पगार असते तर ती आमच्याकडे कशाला आली असती? वडील फोनवर म्हणाले, केरुपुक वाळवायचं अंगण गहाण टाकतो. तिनं त्यांना रागावून फोन ठेवायला लावला.

सोमवारी दुपारी आम्ही पेचेल, म्हणजे शेंगदाण्याच्या चटणीतली उकडलेली भाजी, खायला शेजारच्या टपरीवर बसलो होतो. ती भाजी चिवडत होती.

"बू, तिजोरीत तुमचंही आहे?"

"बारावीचं आहे."

"अकरा वर्षं?"

"हो."

"पण किल्ली तुमच्याच पर्समध्ये असते की!"

खरं सांगायचं तर तोवर मला कुणी हा प्रश्न विचारलाच नव्हता, मीही नाही. माझा करार कधीच संपला होता. नवा केला, मग आणखी एक. कागद आतच राहिला. मी कुठे जाणार होते म्हणून काढायचा?

मंगळवारी पाक हांदोयो ग्रेसिकच्या दुसऱ्या गोदामावर जातात, ते पाचच्या आत येत नाहीत. त्या मंगळवारी सकाळी त्यांची गाडी वळली आणि मी तिजोरी उघडून रेतनोच्या हातात तिची फाइल ठेवली. म्हटलं, "साडेचारच्या आत. रजेच्या रकान्यात ताप लिहिते."

फाइल ब्लाउजच्या आत धरून तिनं वरून जॅकेट घातलं आणि जिना उतरून गेली.

तीन वाजता पाक परत आले.

"सुमार्नी, तिजोरी उघड. ट्रकचे कागद पाहिजेत."

माझ्या हाताला किल्ली लागेना. लागली तेव्हा मी तिजोरी उघडली. ते शेजारी उभे. ट्रकचे कागद नेमके त्या फाइलींच्या खाली. त्यांनी सगळा गठ्ठा उचलला, माझ्या हातात दिला, वाकून कागद काढले आणि गठ्ठा परत ठेवला. अठ्ठाविसात एक कमी असल्याचं वजन कुणाला कळतं? पण माझ्या हाताला ते कळत होतं.

"तुला बरं नाही का?" त्यांनी विचारलं. "घाम केवढा आलाय."

"पेचेलमध्ये मिरची जास्त झाली, पाक."

मग मी खिडकीशी बसून राहिले. मनात येत होतं, ती आता येत नाही. यायचं तरी कशाला? कागद हातात आहे, नवी नोकरी समोर आहे. पावतीवर सही माझी, किल्ली माझी. जे काही निस्तरायचं ते मी निस्तरायचं. माझा नवरा दोन वर्षांपासून डायलिसिसवर आहे, विमा दुकानाच्या नोकरीवर चालतो. आणि तरी अर्धं मन म्हणत होतं, पोरी, येऊ नकोस.

सव्वाचारला ती दुचाकी-टॅक्सीवरून उतरली.

वर आली, फाइल माझ्या टेबलावर ठेवली, पाणी प्यायली.

"झालं?"

"घेतली मला. एक तारखेपासून या म्हणाले."

"मग?"

"पहिल्या दिवशी अस्सल कागद त्यांच्याकडे जमा करायचा. दोन वर्षं." ती हसली, पण ते हसणं कमोडच्या गोष्टीचं नव्हतं. "त्यांची तिजोरी करड्या रंगाची आहे, बू. मला दाखवली. आग लागली तरी काही होत नाही म्हणाले."

तरीही ते काम तिच्या शिक्षणाचं होतं. तिथे दोन वर्षांनी ती काहीतरी झाली असती. हे मलाही कळत होतं, तिलाही.

मी आवाज खाली आणून म्हटलं, "ने तो कागद. जा. पाकना काय सांगायचं ते मी बघते."

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या टेबलावरच्या काचेखालच्या नवऱ्याच्या तपासण्यांच्या तारखांकडे. "तुमच्यासाठी नाही आले परत," ती म्हणाली. "उगाच मनाला लावून घेऊ नका. एका तिजोरीतून दुसऱ्या तिजोरीत न्यायचा, तर हेलपाटा कशाला?"

ती खोटं बोलत होती. आणि मी 'ने' असं एकदाच म्हटलं होतं. दुसऱ्यांदा म्हटलं नाही. फाइल उचलली, आत ठेवली, दार लावलं. ह्याची मला लाज वाटते, अजून वाटते.

त्या कंपनीला तिनं नकार कळवला. त्यांनी दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कुणाला तरी घेतलं.

सोळा महिने पाक म्हणाले तसेच गेले. मधे एकदा तिनं उत्तरं देणारं एक यंत्र दुकानाला जोडून दिलं. साध्या प्रश्नांना ते स्वतःच 'आहे, काक' म्हणू लागलं. तिच्याकडे तक्रारी उरल्या, फुटक्या फरश्यांचे फोटो आणि शिव्या. रविवारी ती अर्ज करायची. पण आता जाहिरातींत दुसरीच ओळ आडवी यायला लागली: वय पंचविसाच्या आत. तिला सव्विसावं लागलं होतं. नवख्यांत ती बसेना, आणि अनुभवी म्हणावं तर अनुभव कमोड विकण्याचा.

"मी मधल्या मधे अडकलेय, बू," ती एकदा म्हणाली. "लिफ्टसारखी. खालचा मजला गेला, वरचा येत नाही, आणि बाहेरच्यांना वाटतं, आत कुणी नाहीच."

करार संपला त्या दिवशी पाकांनी तिला बोलावलं. नवा करार टेबलावर होता, पगार थोडा वाढवलेला. तिनं वाचला आणि सही करण्याआधी म्हणाली, "एक अट आहे. कागद माझ्याजवळ राहील."

मला वाटलं, आता भिंत. पण पाक मनापासून हसले. "अगं, घेऊन जा ना घरी! आता तो कशाला ठेवायचा? तू कुठे जाणार आहेस?"

त्यात टोमणा नव्हता. त्यांना ती आता घरचीच वाटत होती. रेतनोनं करार पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचला. मी कपाटातले कागद उगाच खालीवर करत राहिले. मग तिनं सही केली.

गेल्या महिन्यात तिचे वडील आले होते. घराच्या ओट्याला फरशी घालायची होती, नोकरांना सवलत मिळते म्हणून. स्वच्छ इस्त्रीचा बाटिक शर्ट, हातात आम्हा सगळ्यांसाठी केरुपुकची मोठी पिशवी. फरशी पाच मिनिटांत निवडून झाली. मग म्हणाले, "तू प्रोग्रॅम करतेस ती जागा दाखव."

तिनं त्यांना वर आणलं, आपल्या खुर्चीत बसवलं. पडद्यावर एकामागून एक निरोप येत होते. यंत्राला न सुटलेले ती उभ्यानं सोडवत होती. म्हातारा ओठ हलवत गावांची नावं वाचत होता. मेदान. मकासर. कुपांग.

"हे सगळे तुलाच विचारतात?"

"हो, बापाक."

"एवढ्या लांबून?"

"हो."

त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. डोळे भरले होते. "आमच्या घरात एवढं कुणी शिकलं नव्हतं हो," ते म्हणाले.

रेतनो तोवर कुपांगच्या एका बाईला लिहीत होती की तुटलेलं बेसिन बदलून मिळेल, फक्त आधी तीन बाजूंनी फोटो पाठवा, काक.