राळेचा वास

मुलीच्या व्हायोलिनची पेटी उघडली की राळेचा वास येतो आणि मला हिगाशी-कसाईतलं आमचं पहिलं घर आठवतं. वरच्या मजल्यावर एक कॅनेडियन आजोबा राहायचे. उभं आयुष्य तिकडच्या ऑर्केस्ट्रात व्हायोलिन वाजवलेलं, आणि बायको जपानी म्हणून म्हातारपणी इथे जपानात आलेले. ही मुलगी तेव्हा तान्ही होती. दुपारी जरा कुठे तिचा डोळा लागला की वर त्यांचा रियाज सुरू व्हायचा. शेवटी वैतागून मी बिल्डिंगच्या ऑफिसात तक्रार केली. इथे तक्रार करणाऱ्याचं नाव सांगत नाहीत. लिफ्टमध्ये नुसता कागद लागला: 'वाद्याच्या आवाजाने बाळाची झोप मोडते.' घर नंबर नाही, काही नाही, मी निर्धास्त. व्हायोलिन बंदच झालं आणि चार दिवसांत ती शांतता मला खायला लागली. पाचव्या दिवशी बेल वाजली. दारात आजोबा, हातात केकचा डबा. "बाळ किती वाजता उठतं?" त्यांनी हळू आवाजात विचारलं. "चारला. का हो?" मी साळसूदपणे म्हटलं. "पुढच्या महिन्यात माझा कार्यक्रम आहे, बहुतेक शेवटचाच. चारनंतर वाजवलं तर चालेल?" मी होकारार्थी मान हलवली. सगळ्याच दारांवर जाऊन विचारत असतील, असं मी धरून चालले. काल मुलीच्या गजाला राळ लावता लावता एकदम लक्षात आलं आणि इतक्या वर्षांनी कानशिलं तापली: अख्ख्या बिल्डिंगमध्ये लंगोट फक्त आमच्याच गॅलरीत वाळत असायचे.