धाकटीनं टाकलेली ओळ

धाकटीचा नवा जन्म होऊन तीन वर्षं झाली, पण राग मात्र जुनाच, नाकाच्या शेंड्यावर. बाप्तिस्म्याच्या पाण्यातून वर आली तेव्हा तिला वाटलं होतं, सुटले बाई एकदाची! आता थोरलीकडे बघून डोक्यात तिडीक जाणार नाही. कसलं काय! दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं, थोरली समोर येऊन बसली, आणि धाकटीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा तो झालाच.

दोघी सख्ख्या जावा. कपडे दुरुस्तीचं दुकान, हे एवढंसं. चेन बदला, कंबर सैल करा, पँटची लांबी कमी करा. समोरासमोर दोन मशीन. सासूचं काळं, जड, लोण्यासारखं चालणारं मशीन थोरलीकडे, आणि टाके सोडणारं, तासातासाला दोरा तोडणारं खटारं धाकटीकडे. सासू धडधाकट होती तेव्हा दहा वेळा म्हणाली होती, माझं मशीन धाकटीला. पण ती गेली त्या दिवशी उशाशी एकटी थोरलीच होती. शेवटी काय बोलणं झालं कोण जाणे! थोरली मूग गिळून बसली आणि तेराव्या दिवशी काळ्या मशीनवर स्वतःची उशी टाकून मोकळी झाली.

याला अकरा वर्षं झाली. दोरा तुटला की धाकटी डोळे मिटून म्हणायची, 'प्रभू, हिच्यावर प्रेम करायला शिकव.' आणि सुईत दोरा ओवता ओवता हिला शिव्याही घालायची. दोन्ही अगदी मनापासून.

त्यात थोरलीनं नवंच खूळ काढलं. "तू रोज ते शास्त्र वाचतेस ना, मलाही मोठ्यानं वाचून दाखव. मला कुठं अक्षर येतं?" आता नाही कुठल्या तोंडानं म्हणणार? मग रोज दुपारी, गिऱ्हाईक नसताना, एक पान. थोरली बटणं लावत ऐकायची आणि दुसऱ्या दिवशी सगळं पान तोंडपाठ म्हणून दाखवायची. धाकटीला तीन वर्षांत धड दहा ओळी पाठ झाल्या नव्हत्या. मेलं, इथंही हीच पुढं!

एका दुपारी प्रभूच्या एका शिष्याच्या पत्रातलं पान निघालं. नव्यानं जन्मलात, तर आता एकमेकांवर खरं प्रेम करा, असं काहीसं. ते धाकटीनं घडाघडा वाचलं. पुढच्या ओळीवर नजर गेली आणि जीभ अडली. दुष्टपणा टाका, ढोंग टाका, हेवा टाका, चुगली टाका. हे हिच्यासमोर वाचायचं? म्हणजे ही चष्म्यावरून माझ्याकडेच बघणार! धाकटीनं ती ओळ टाकली आणि थेट पुढं, तान्ह्या बाळासारखी दुधाची ओढ धरा, तिथं जाऊन पोचली.

"किती छान आहे गं," थोरली म्हणाली.

इतकं छान की रविवारी ती पहिल्यांदाच चर्चमध्ये प्रार्थनेला आली. आणि धाकटीचं नशीब बघा, पाळकांनी नेमकं तेच पान उघडलं! थोरली ओठ हलवत त्यांच्याबरोबर म्हणू लागली. ती दुधावर पोचली तेव्हा पाळक अजून ढोंग आणि हेव्यातच. थोरली भर मंडळीत उभी राहिली.

"साहेब, तुमचं चुकतंय. हे आमच्या पुस्तकात नाही."

लोक हसले. "आहे हो बाई," पाळक म्हणाले, "सगळ्यांच्याच पुस्तकात आहे."

थोरलीनं वळून धाकटीकडे पाहिलं. धाकटीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सोमवारी दुकान उघडताच थोरलीनं विचारलं, "आणखी काय काय गाळलंस?"

"तेवढीच ओळ."

"का पण?"

"का म्हणजे? ती माझ्यावरच लिहिलीय म्हणून!" धाकटीचा बांध फुटला. "अकरा वर्षं मी या खटाऱ्यावर पाय मोडून घेतेय. तू तिथं मजेत. प्रार्थना करून करून थकले, तरी तू दिसलीस की माझं डोकं फिरतं. नवा जन्म म्हणे! मला माझाच वीट आलाय."

थोरलीनं चाकावर हात ठेवून मशीन थांबवलं.

"म्हणाल्या होत्या सासूबाई," ती बोलली. "मशीन धाकटीला दे. दोनदा म्हणाल्या. माझा नवरा गेल्याला तेव्हा महिनाही झाला नव्हता. वाटलं, हातातलं मशीनही गेलं तर मला या घरात कोण विचारणार? म्हणून गप्प बसले."

हे ऐकायला धाकटी अकरा वर्षं तडफडत होती. वाटलं होतं, ऐकलं की छाती हलकी होईल. कुठलं! राग तसाच, आणि वर आता हिच्यावर धड रागावताही येईना. काय वैताग आहे!

"वाच," थोरली म्हणाली. "पहिल्यापासून. काही गाळू नकोस."

धाकटीनं नाक पुसलं आणि पुस्तक उघडलं. प्रेमापर्यंत ठीक गेलं. दुष्टपणाही गेला. 'ढोंग' म्हणाली आणि थबकली.

"ते माझं," थोरली म्हणाली. "चल पुढं."

"हेवा." धाकटीनं पुन्हा नाक पुसलं.

"तो तुझा. चुगली दोघींची." थोरलीनं काळ्या मशीनपुढची आपली उशी उचलली आणि खटाऱ्यापाशी येऊन उभी राहिली. "ऊठ आता, इथं मी बसते. आणि वाचायचं थांबू नकोस."