मेधाचा अवॉर्ड आणि आम्ही सगळे पेशंट

लॉकडाउनमधलं बरंच काही विसरले, पण मेधाच्या अवॉर्डचे किस्से काही संपत नाहीत. इथे परदेशात, आमच्या टूनगॅबी उपनगरात चार जण चहाला जमले की एक नवा निघतोच!

मेधा माझी मैत्रीण, मेडिकल फॅकल्टीत शिकवते. हॉस्पिटलं स्टुडंट्सना आत घेईनात, तेव्हा या बाईने आम्हा मराठी मंडळींना झूमवर खोटे पेशंट म्हणून बसवलं. "लीडरशिपचा पुरावा नाही" म्हणून तिचं प्रमोशन दोनदा अडलं होतं. आता हे टीचिंग अवॉर्ड मिळालं तरच गाडी पुढे सरकणार होती.

*

फॉर्म भरायला शेवटी मीच बसले. "तुम्ही काय नेतृत्व केलंत?" या पानभर रकान्यात तिने एकच ओळ लिहिली होती: सगळ्यांनी खूप मदत केली.

"अगं, हा फॉर्म आहे की आभारप्रदर्शन?" मी ओरडले.

"स्वतःचं कौतुक स्वतः कसं लिहायचं गं? आई काय म्हणेल!"

"तुझी आई नाशिकला आहे. लिही!"

*

माझी आई मात्र इथेच होती. विमानं बंद, त्यामुळे आमच्याकडे अडकलेली. तिला पोटदुखीचा रोल मिळाला. स्टुडंटने अदबीने विचारलं, "एक ते दहामध्ये किती दुखतंय?"

"दहा म्हणजे बाळंतपण ना? मग दीड!"

पोरगं गडबडलं. मेधाने दुसऱ्याच दिवशी लेसन बदलला: आधी पेशंटला विचारा, तुमच्या लेखी दहा म्हणजे काय? फॉर्ममध्ये मी हे सगळ्यात वर टाकलं. आई अजून सांगते, "सिलॅबस मी बदलला!"

*

नितीनला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, दारू लपवणाऱ्या पेशंटचा रोल होता. आयुष्यात थेंब न घेतलेल्या माणसाने तो इतका रंगवला की एका मुलीने मेधाला ईमेल केली, "त्यांच्या बायकोला सपोर्टची गरज आहे."

ती ईमेल मी पुराव्यात जोडली. नितीन भडकला, "माझ्या इज्जतीचं काय?"

"इतक्या वर्षांत माझ्या बाजूने कोणीतरी बोललंय. राहू दे!"

*

पण सगळ्यात भारी किस्सा इंटरव्ह्यूचा. तोही झूमवरच. मी मेधाशेजारी, कॅमेऱ्याबाहेर. रेफरी म्हणून, म्हणजे मेधाच्या कामाची ग्वाही द्यायला, शेजारच्या क्वेकर्स हिल उपनगरातले जोशीकाका. पॅनेलच्या चेअरपर्सन बाई एकदम कडक.

"मित्रमंडळी गोळा केलीत, छान. पण त्याने कोणाचं काय बदललं?"

मेधाचा चेहरा उतरला. तेवढ्यात काकांनी अनम्यूट केलं.

"मॅडम, मी गुडघेदुखीचं नाटक करत होतो. पण समोरच्या पोरीने मध्येच विचारलं, 'बोलताना तुम्हाला दम का लागतोय?' मेधाने क्लास थांबवला, अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली. दोन दिवसांत माझी बायपास झाली. मी नंतर त्या पोरीला विचारलं, तुला कळलं कसं? म्हणाली, 'डॉक्टर मेधा रोज सांगतात, कागदाकडे नको, माणसाकडे बघा.'"

मला रडूच आलं. बाई हलल्या नाहीत. "याचा काही कागदोपत्री पुरावा आहे?"

"नो वरीज!" काका उठले आणि शांतपणे शर्टाची बटणं काढायला लागले. गळ्यापासून खाली गेलेला तो लांब व्रण त्यांनी कॅमेऱ्यासमोर धरला.

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग पेन उचललं आणि फॉर्मवर लिहिता लिहिता मोठ्याने म्हणाल्या, "मूळ पुरावा प्रत्यक्ष पाहिला!"