अर्ध्या तळ्याचे मुकादम

सहदेव घाडी अर्ध्या तळ्याचे मुकादम होते. उरलेलं अर्धं अंबादास ढगेकडे होतं. मुलुंडच्या डोंगराखालचं हे तळं एके काळी एका गावाचं. पुढे गाव मुंबईत आलं, म्हणजे गाव जागच्या जागीच राहिलं, मुंबई आली. मग साहेबलोकांनी नकाशावर पट्टी ठेवून तळ्याच्या मधोमध रेघ मारली. खाडीकडचा काठ एका वॉर्डात, डोंगराकडचा दुसऱ्यात. पंपघराजवळचा कोपरा तिसऱ्याच कुठल्याशा खात्याचा. त्या खात्याचा माणूस आजवर कुणाच्या दृष्टीस पडला नव्हता.

ही रेघ माणसांना कळायची, पाण्यावर तरंगणाऱ्या जलपर्णीला कळत नसे. सकाळी डोंगरावरून वारा सुटला की ती सहदेवरावांच्या वॉर्डात बदली होऊन यायची, दुपारी खाडीचा वारा सुटला की परत जायची. त्यावरून कामाची पद्धतच पडली होती. सकाळी अंबादास ट्यूबच्या तराफ्यावर उभा राहून बांबूनं तिला अलीकडे ढकले, दुपारी सहदेवराव तिलाच पलीकडे ढकलत. दोघंही घाम गाळत, दोघांच्याही साहेबांना काम दिसे आणि जलपर्णी तेवढी बाळसं धरत होती.

"अंबादास, तुझी सून माहेरपण आटोपून निघाली रे!" सहदेवराव ओरडत.

"पाठवा की! उद्या सकाळी पुन्हा धाडतो!"

थट्टा ठीक होती, पण सहदेवरावांच्या घरात मुलीचं, शुभाचं, लग्न अडलं होतं. दोन स्थळं येऊन गेली. मुलगी पसंत, तिची टेलिफोनमधली नोकरी त्याहून पसंत, पण निरोप दोन्हीकडून एकच: "तळ्यावर घाण फार, डास फार." आता चारकोपच्या दत्ताराम लाडांचा मुलगा रविवारी दुपारी बघायला यायचा होता.

"ह्या टायमाक पावण्यांक तां गवात दिसलां ना," सहदेवरावांच्या बायकोनं, सुगंधाबाईंनी, बजावलं, "तर तुमकाच तळ्यात बुडवतलंय."

सहदेवरावांनी रविवारी सकाळीच सगळी जलपर्णी पलीकडे लोटली आणि हद्दीच्या लोखंडी खांबांना आरपार काथ्याचा दोर बांधून टाकला. त्यांच्या बाजूचं पाणी आरशासारखं झालं. अंबादासच्या बाजूला मात्र काठापर्यंत पाय ठेवायला जागा उरली नाही.

"मुकादम, हे काय? पाकिस्तानची बॉर्डर?"

"शुभाला बघायला येतायत रे. आजचा दिवस सांभाळ."

अंबादासनं डोकं खाजवलं. "आजचाच हां!"

सहदेवरावांनी सगळा विचार केला, एवढाच केला नाही, की बसचा शेवटचा स्टॉप अंबादासच्या काठावर होता.

पाहुणे उतरले. समोर हिरवंगार, जांभळ्या फुलांचं मैदान, त्यापलीकडे चमचमतं तळं, आणि तळ्यापलीकडे दारात तोरण लावलेलं घर.

"काय झकास जागा आहे!" दत्ताराम मुलाला म्हणाले. "चल, मैदानातूनच जाऊ." आणि टोपी सावरत त्यांनी मैदानात पाऊल टाकलं. टोपी तेवढी वर राहिली.

सहदेवरावांनी खिडकीतून पाहिलं. सबंध नोकरीत त्यांनी दुसऱ्या वॉर्डाच्या पाण्याला बोट लावलं नव्हतं. आज नव्या लेंग्यासकट उडी मारली, दोराखालून हद्द ओलांडली आणि पलीकडून धावलेल्या अंबादासच्या मदतीनं व्याह्यांना, म्हणजे होतील की नाही याचीच शंका असलेल्या व्याह्यांना, ओढून काढलं. त्यांच्या खांद्यावर जलपर्णीचा हार होता.

"हा दोर कुणी बांधला?" तोंडातलं पाणी थुंकून दत्तारामांनी पहिला प्रश्न विचारला.

सहदेवरावांनी आपल्या काठाकडे पाहिलं. दारात शुभा उभी होती.

"मी," अंबादास म्हणाला. "आमचं गवत ह्यांच्याकडं जाऊ नये म्हणून. माणूस सज्जन आहे हो."

दत्तारामांनी दोराकडे पाहिलं. "दोर तुम्ही बांधलात? मग गाठी सगळ्या पलीकडच्या अंगाला कशा?"

अंबादास पुन्हा डोकं खाजवू लागला. मग दत्तारामांचं भिजलेलं पोटच आधी हलायला लागलं आणि हसू मागाहून आलं. "अहो, मी चारकोपच्या नाल्यावर मुकादम! आमच्या हद्दीतलं पुलापलीकडे ढकलण्यात हयात गेली माझी. पण दोर बांधायचं कधी सुचलं नाही बुवा! आता मुलगी दाखवा. त्याआधी एक कोरडा लेंगा द्या."

शुभानं पोहे दिले. मुलानं ते दोनदा मागून घेतले, तेव्हाच सुगंधाबाईंनी मनातल्या मनात पत्रिका छापून टाकल्या. दत्तारामांची अट एकच: वऱ्हाड शेवटच्या स्टॉपवरून येणार, तेव्हा तळं दोन्ही बाजूंनी स्वच्छ हवं.

लग्नाच्या आदल्या दिवशी दोन्ही मुकादम पहिल्यांदाच एका तराफ्यावर उभे राहिले. संध्याकाळपर्यंत तळं या काठापासून त्या काठापर्यंत लख्ख झालं. वऱ्हाडाबरोबर आलेले दत्ताराम काठावर थांबले, कौतुकानं पाहत राहिले आणि व्याह्यांच्या कानाशी लागले.

"सगळं काढलंत? टाकलंत कुठे?"

सहदेवराव आणि अंबादास, दोघांनीही पंपघराच्या कोपऱ्याकडे पाहायचं कटाक्षानं टाळलं.

"वाऱ्यानं गेलं," दोघं एका सुरात म्हणाले.