डेरिकमनच्या घराची पाटी

पापडीत लेस्टर डाबरेला ओळखत नाही असा माणूस सापडणार नाही, कारण त्याने कुणाला सोडलेलंच नाही. भेटला की मुंबई हायची गोष्ट ऐकावीच लागते. समुद्रातल्या तेलविहिरीवर जो लोखंडी मनोरा असतो, तो डेरिक. त्याच्या माथ्याजवळ उभं राहून लांबलचक पाइप सावरतो, तो डेरिकमन. म्हणजे लेस्टर. रिगवरचे साहेबसुद्धा आपल्या पायाखाली असायचे, हे तो न चुकता सांगतो.

निवृत्तीनंतर त्याने नवं घर बांधलं आणि नाव ठरवलं 'डेरिक'. पितळी पाटी आली. रविवारी फादर घराला आशीर्वाद द्यायला येणार होते; त्याआधी पाटी बघायला शेजारी म्हणून मला बोलावणं आलं. मी लगेच गेलो. त्याची बायको आल्बिना केक फार छान करते.

तिथे त्यांची मुलगी एमिली मोबाइलवर या शब्दाचं मूळ शोधत बसली. बिचारीला बापाचं कौतुकच करायचं होतं. निघालं भलतंच. चारशे वर्षांपूर्वी लंडनमध्ये डेरिक नावाचा एक फाशी देणारा होता. लोक फाशीच्या खांबालाच डेरिक म्हणू लागले, मग तशा दिसणाऱ्या क्रेनला, आणि शेवटी तेलविहिरीवरच्या मनोऱ्याला.

आल्बिनाने पाटी उचलून कपाटामागे ठेवली. फाशीवाल्याचं नाव घराला नको, फादरना काय तोंड दाखवायचं, असं तिने बजावलं. लेस्टर गप्प बसला. त्याला गप्प बसलेलं मी प्रथमच पाहिलं आणि खरं सांगतो, मला ते मुळीच आवडलं नाही. पोरीचं पहिलं पाऊल, आईचं शेवटचं दुखणं, सगळं तो त्या मनोऱ्यावर असताना होऊन गेलं होतं. दाखवायला त्याच्याकडे तेवढं एक नावच होतं.

संध्याकाळी आल्बिना अंगणातल्या छोट्या क्रूसापुढे मेणबत्ती लावायला गेली. तिची प्रार्थना त्या दिवशी फार लांबली. मग ती उठून आत गेली आणि पाटी पुसत पुसत बाहेर आली.

"येशूला मारलं ते क्रूसावरच," ती नवऱ्याला म्हणाली. "तरी आपन त्या क्रूसाला रोज फुलं वाहतो. लाव तुझी पाटी."

लेस्टर तडक शिडी आणायला निघाला.

"शिडी कशाला? क्रूसाच्या वर जायची नाय ती."

आता ती पाटी दाराशेजारी, गुडघ्याएवढ्या उंचीवर आहे. वाचायची तर वाकावं लागतं, आणि लेस्टर येणाऱ्या प्रत्येकाला वाकायला लावतो.